दोन किल्ल्यांचे कुलूप

मी, खाली सही करणारा, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा कुलपे करणे व दुरुस्त करणे, शिक्षण सातवी (परीक्षेच्या दिवशी ताप होता), हे मृत्युपत्र शुद्धीवर राहून आणि कोणी भरीला न घालता लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांचे पत्र जोडले आहे. शंका नको म्हणून दुसऱ्या डॉक्टरांचेही जोडले आहे.

कलम १. राहत्या दोन खोल्या पत्नीला. ती असेपर्यंत तिला कोणी तिथून उठवू नये. दुपारी झोपेतूनही उठवू नये.

कलम २. रेडिओ माझ्या मेहुण्याला. तो कोर्टात कारकून होता आणि कायद्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नाही. मी चर्चला जाणारा; प्रभूच्या शिकवणीवर अख्खे राज्य चालेल, हे मी त्याला तीस वर्षे सांगत आलो. तो एकच म्हणतो, "भावोजी, तसं राज्य आलं तर आधी तुमचंच दुकान बंद. चोरच नसतील तर कुलूप कोण घेणार?" याचे उत्तर मला सापडलेले नाही. वारसांना सापडल्यास त्याला कळवावे.

कलम ३. गच्चीवरची शिडी, जी कोणीतरी नेली, ती नेणाऱ्यालाच देत आहे. खुलासा असा, की मी इमारतीचा अध्यक्ष असताना सात महिने शुभवर्तमानाप्रमाणे, म्हणजे प्रभूच्या पुस्तकाप्रमाणे, कारभार केला. गच्चीचे कुलूप काढले, दंड बंद केला. शिडी गेली तेव्हा मी चिठ्ठी लावली, की नेणाऱ्याने दोरही न्यावा. त्याने नेला. मग टाकीचे झाकण गेले आणि पाण्यात कबूतर पडले. सभा भरली. मला सर्वानुमते क्षमा करून पदावरून काढण्यात आले. शिडी व दोर त्याला लखलाभ, झाकण मात्र परत आणावे.

कलम ४. दुकान.

थोरला मुलगा बावीस वर्षे माझ्याबरोबर कानस घासत बसला. धाकटा घर सोडून गेला आणि आठ वर्षांनी रिकाम्या हातांनी परत आला. पुस्तकातली द्राक्षमळ्याची गोष्ट माझ्या डोक्यात होती. सकाळी आलेल्या मजुराला जी मजुरी मिळाली तीच संध्याकाळी आलेल्यालाही मिळाली. म्हणून मी त्याच दिवशी निम्मे दुकान धाकट्याचे म्हणून जाहीर केले. थोरला एवढेच म्हणाला, "मळ्यातल्या माणसांना दुसऱ्या दिवशी एकत्र काम करावं लागलं का, बाबा?" त्यानंतर अकरा वर्षे भाऊ भावाशी बोललेला नाही. निरोप माझ्यामार्फत जातात. मी गेल्यावर कोणामार्फत जातील, या काळजीने मला अन्न गोड लागत नाही.

वाटणीचा नियम शोधायला मी पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचले. तिथे एक माणूस नेमके हेच विचारायला येतो, की माझ्या भावाला वाटणी करायला सांगा. प्रभू म्हणतात, ते माझे काम नाही. मी चष्मा पुसून पुन्हा वाचले. तेच होते. चर्चच्या पाळकसाहेबांना विचारले. ते म्हणाले, "आजोबा, पुस्तक माणसं बदलतं, नियमावली देत नाही." मी म्हटले, माणसे बदलेपर्यंत दुकान कोण उघडणार?

तेव्हा मी मला येते ते केले. दुकानाला नवे कुलूप बसवले आहे. त्याला दोन किल्ल्या एकाच वेळी फिरवाव्या लागतात आणि भोके एकमेकांपासून इतकी लांब आहेत, की एका माणसाचे हात पुरत नाहीत. मोजून पाहिले आहे. एक किल्ली थोरल्याला, एक धाकट्याला. दुकान दोघांचे, निम्मे निम्मे.

कलम ५. आग, पूर किंवा दोघांपैकी एकाचा हट्ट, यांसाठी दोन्ही किल्ल्यांची दुसरी जोडी मेहुण्याकडे राहील. पाळकसाहेबांकडे ठेवणार होतो, पण ते मागेल त्याला देतील.

स्थळ: दुकानाची मागची खोली. शनिवार, तारीख चौदा.

सही: कुलूपवाला

साक्षीदार १: मेहुणा. (भावोजी वाद हरले आहेत, हे नमूद करून सही.)
साक्षीदार २: पाळक. (हरलेले नाहीत, हे नमूद करून सही.)

ता.क. पाकीट बंद करण्याआधी थोरला आत आला. कुलूप बघून आलो म्हणाला. मग त्याने विचारले, "तो सकाळी किती वाजता उठतो?" मला माहीत आहे. पण मी सांगितले, त्यालाच विचार.