वकिलाच्या पोटातला स्वेटर

रविवार, ९ फेब्रुवारी

प्रिय ठकू,

आशीर्वाद आधी, बाकीचं नंतर. माझी तब्येत बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण तोही आता घरचाच झालाय. जावईबापूंना नमस्कार सांग. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे लिहितेय. शेजारच्या शिंपीणबाई तुमच्याच बाजूला निघाल्यात, त्यांच्या हाती देईन.

बागेची बातमी तू पेपरात वाचलीच असशील, पण पेपरात ती नीट आली नाही. तुझ्या दादानं बागखात्यात गवंडी असताना केलेले ते सिमेंटचे प्राणी, तोंड उघडून कचरा मागत उभे असलेले, इतकी वर्षं कुणाला धड आवडत नव्हते. पेंग्विनला काळ्या कोटामुळे लोक वकील म्हणायचे, आणि वकिलाचं तोंड सोडून बाकी सगळीकडे कचरा टाकायचे. चार पोरांनी पार्टीहून येताना हातोडीनं त्यांची डोकी फोडली, आणि दुसऱ्या दिवशी वकीलसाहेब शहराची शान झाले. लोकांनी मेणबत्त्या लावल्या. एका निवृत्त हेडमास्तरांनी कविता वाचली, तिच्यात त्याला बदक म्हटलं होतं. एक बाई कॅमेऱ्यासमोर हमसून हमसून रडली. वकिलाला बघून नात घाबरते, तो हलवा, असा अर्ज हिनंच केला होता. त्या वेळी तुझ्या दादाचा चष्मा फुटला होता, म्हणून तो अर्ज मीच त्याला वाचून दाखवलेला. तरी मी तिला रुमाल दिला. काय करणार.

माझा वाचायचा नाद तुला ठाऊक आहे. शाळा नव्हती, पुड्यांचे कागद वाचत शिकले, त्यामुळे पेपर मी जाहिरातींसकट वाचते. रोज पत्रं छापून येत होती. अर्ध्यांचं म्हणणं, चांगल्या घरची मुलं आहेत, त्यांच्या भविष्याचा विचार करा. उरलेल्या अर्ध्यांना त्यांना भर चौकात फटके द्यायचे होते. मागे बागेतला नळ काढून नेणारा एक पोरगा सापडला होता. तो ह्यांच्याहून लहानच असेल. त्याच्या भविष्याबद्दल कुणी पत्र लिहिलं नाही. दोन ओळींची बातमी होती आणि त्यात तो नुसता ‘चोरटा’ होता. मला तेव्हापासून ‘चांगलं घर’ म्हणजे नक्की किती खोल्यांचं, हे कुणाला तरी विचारायचंय.

त्या चौघांत तुझी लेक होती, हे मी आत्तापर्यंत लिहायचं टाळत आले. तूही टाळत आलीस.

बागेत सभा झाली तेव्हा जावईबापूंनी ड्रायव्हरकडून निरोप धाडला होता, की वहिनींनी ‘माफ केलं’ एवढं म्हणावं, म्हणजे विषय मिटेल. दुसऱ्या बाजूचे लोक माझ्या कानाशी लागून सांगत होते की माफ करू नका. मला उभं केलं, हातात माईक दिला. मी म्हटलं, “माफी माझ्याकडे आत्ता नाही, आणि शिक्षा द्यायला मी कोण. ज्यांनी फोडलं त्यांनी येऊन बसवावं. सिमेंट कालवायचं कसं ते मी दाखवीन.” बाकीच्या तिघांना त्याच आठवड्यात कंबरदुखी जडली, डॉक्टरांच्या सह्यांनिशी. आली ती एकटी तुझी.

पहिले दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. कासवाचं नुसतं डोकं नाही, पार भुगा झाला होता, ठकू. ते दादानं शेवटी केलं होतं, हात थरथरायला लागल्यावर. पाठीवरच्या रेघा वाकड्या आल्या होत्या आणि मी त्या त्याला सरळ करू दिल्या नव्हत्या. संध्याकाळी मी त्या रेघांवरून हात फिरवून घरी यायची. तिसऱ्या दिवशी मी तिला विचारलं, का फोडलंस. ती म्हणाली, “मामी, मजा वाटली. मामाचे आहेत हे माहीत होतं, तरी वाटली.” दारूवर ढकललं नाही, मित्रांवरही नाही. मला राग आला आणि बरंही वाटलं. त्या दिवसापासून आम्ही बोलायला लागलो.

आता त्या फोटोबद्दल. ‘पश्चात्ताप नाहीच’ म्हणून पेपरात छापलाय तो, तुझी लेक आणि मी वाळूच्या ढिगावर लोळून हसतोय तो. तो बघून लोक तुमच्या फाटकाशी आले, जावईबापूंनी तिचं काम बंद केलं आणि तिला लांब तिच्या आत्याकडे पाठवायचं ठरवलं, हे मला कळलं. आम्ही कशाला हसत होतो ते तुला कुणी सांगितलं नाही. मीच सांगायला हवं, आणि मलाच जड जातंय.

कचऱ्याच्या डब्याखाली वकिलाचं पोट पोकळ होतं. गवंडी अशा वेळी आत विटांचे तुकडे, पोती, काय हाती लागेल ते कोंबतात. तुझ्या लेकीनं आत हात घातला आणि काहीतरी पोपटी ओढून काढलं. आधी एक बाही आली. मग दुसरी, पहिलीहून वीतभर लांब. तू विणलेला स्वेटर, ठकू. दादानं तुला सांगितलं होतं ना, बसमध्ये राहिला म्हणून. तू त्या बसवाल्याला किती शिव्या दिल्या होत्यास. मलाही तो तेच सांगायचा, आणि मी त्याच्यासाठी डेपोत जाऊन चौकशी करून आले होते.

“आईचा स्वेटर,” एवढंच ती म्हणाली, आणि आम्ही खाली बसलो. तो जिवंत असता तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. नंतर मला वाटलं, त्याला तो घालवत नसेल आणि टाकवतही नसेल. ठेवला बिचाऱ्यानं जपून.

तेवढ्यात कुणीतरी फोटो काढला. लोकांना आम्ही दोघी रडताना हव्या होतो. मी रडते, पण ते घरी, माझ्या सवडीनं.

आता खरं ते लिहिते. तुझी लेक माझ्याकडे आहे. आज सकाळी पिशवी घेऊन चालत आली. मी तिला लपवलेली नाही, सर्वांत आधी तुलाच कळवतेय. जेवली, आणि आता आत झोपलीय. म्हणते, “मामी, मी आत्ता गेले तर जन्मभर त्या फोटोतलीच राहीन. कासव पुरं करते, मग कुठंही पाठवा.” मी तिला अजून माफ केलेलं नाही. ती मला आवडते, ही वेगळी गोष्ट.

उद्यापासून ती पुन्हा बागेत बसणार. लोक जमतील, वाटेल ते बोलतील. न्यायला आलीस तर मी आडवी येणार नाही, तुझी लेक आहे. पण गाडी पाठवू नकोस, तू ये. आणि जमलं तर थोडा वेळ बस तिच्याजवळ. मी तिच्याशेजारी बसले की लोक म्हणतात, बाई केवढ्या मनाची. तू बसलीस तर तुला नावं ठेवतील. म्हणूनच तिच्याशेजारी तू बसायला हवीस.

दादा नसला तरी तुझीच,
वहिनी