भंडाऱ्याची सीट

पवनी, रविवार, दिवेलागणीची वेळ

धानाच्या रोवणीच्या चिखलाने बोटं आखडलीत, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. भंडाऱ्याच्या लॉ कॉलेजात माझं नाव लागलं. घरबसल्या मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलेली साठीची बाई, आणि वकिलीला. नागपूर मात्र चार मार्कांनी हुकलं. चारच.

नात अश्विनी सकाळीच मागे लागली. "आजी, ही सीट सोड. पुढच्या वर्षी पुन्हा प्रवेश परीक्षा दे, तुले नागपूरच भेटते." पोरीचं काही खोटं नाही. चार मार्क तर मी आणीनही. मग उद्या प्रवेश घ्यायचा की नाही? दिवसभर वाकून धान लावताना डोक्यात हेच.

दुपारी धानाच्या खालच्या बांधीत पाणी कमी दिसलं. मी म्हटलं, पाणी भरू दे, ही पऱ्ह्यांची रोपं आठ दिवसांनी लावू. माझ्या शेजारी रोवणारी सुमन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काहून वं? पऱ्हे जून झाल्यावर त्याले फुटवे येतीन का? अन् वकीलीणबाई, तू तरी कोणती कोवळी हायेस?"

साऱ्या बाया हसल्या. मीही हसले, आणि हसता हसता ठरूनच गेलं. भंडाराच. उद्याच.

घरी सांगितलं तर अश्विनी गाल फुगवून बसली. मग तिनेच माझे कागद पिशवीत भरले. "सकाळची बस पकड. रोवणीत तुह्या जागी मी जाईन."

जन्मात कधी बांधीत उतरली नाही ही पोरगी.