नॉर्वेचे चमचे

११ जानेवारी

घ्यायचं होतं पातेलं आणि घेतला चमचा! चंपा भांडीवाली आली होती. जुने कपडे घेते, भांडी देते. दिंडोशीत आमच्या बिल्डिंगी झाल्या तेव्हापासून येते. लेकाच्या, नितेशच्या, दोन पॅंट आणि सूनबाईची, अपूर्वाची, एक साडी काढून ठेवली होती. घासाघीस चालली होती— ती म्हणते एवढ्यात पातेलं बसत नाही, डबा घ्या— तेवढ्यात गाठोड्याच्या तळाशी काहीतरी निळं चमकलं. मोराच्या मानेसारखं. ओढून काढलं तर चमचा. तान्ह्या पोराला चाटण द्यायचा असतो तेवढा.

"पितळी हाय आजी, घेऊन टाका."

घेतला! अपूर्वा कपाळाला हात लावून— "आई, पातेलं सोडून चमचा?" म्हटलं, पातेली काय, आहेतच घरभर.

१२ जानेवारी

सारखा बघतेय. वाटी सोनेरी, दांडी निळी. निळ्याच्या आत लाटा आहेत. वरून बोट फिरवलं तर काचेसारखा गुळगुळीत. मग लाटा आहेत कुठे?

१५ जानेवारी

पितळ नाही! चांदी आहे!

मागे बारीक अक्षरं आहेत. मी चौथीपर्यंत शिकले, तेही मराठी, आणि ही इंग्रजी. नातीला, श्रुतिकाला, कॉलेजातून आल्या आल्या धरलं. तिने मोबाईलवर फोटो मोठा केला. नॉर्वे. ९२५. पुढे एस. ती म्हणाली, "आजी, ९२५ म्हणजे अस्सल चांदी. वर सोन्याचा मुलामा आहे." शेजारी इटुकला तराजू कोरलाय, ती घडवणाऱ्याची खूण.

लाटांचंही कळलं. आधी चांदीवर यंत्राने रेघा कोरतात. मग रंगीत काचेची पूड घालून भट्टीत वितळवतात. म्हणजे लाटा चांदीवर, नि पाणी वर! आपल्याकडची मीनाकारी असते त्यातलंच.

"नॉर्वे कुठे गं?"

"पार वर. थंडीत तिथे सूर्यच उगवत नाही, काही गावांत."

मग लागणारच की त्यांना असा रंग.

१६ जानेवारी

चिंच भिजत घातली होती चमचा घासायला. श्रुतिका केवढ्याने ओरडली! मुलामा जाईल म्हणे. मऊ फडक्याने नुसता पुसायचा. चिंचेचं काय करायचं मग, आमटी केली. छान झाली.

२ फेब्रुवारी

असे सहा असतात. प्रत्येकाचा रंग वेगळा. कॉफीचे चमचे, ते लोक पाहुण्यांना काढतात. श्रुतिकाने चित्र दाखवलं— डबीत ओळीने सहा. तेव्हापासून डोक्यात तेच. माझ्याकडे निळा. बाकीचे पाच कुठे असतील?

९ फेब्रुवारी

चंपाकडेच आहेत! आज हिरवा काढला, तो घेतलाच. म्हणाली, अंधेरीची एक म्हातारी घर सोडून लेकीकडे गेली, तिने गठ्ठाभर सामान दिलं, त्यातले. म्हातारीचा नवरा बोटीवर होता. बघा, कुठली बोट, कुठला देश, आणि चमचे आले चंपाच्या गाठोड्यात! म्हटलं, सगळे दाखव. तर म्हणते, घरी राहिले. लबाड आहे. अपूर्वा म्हणाली, "आई, तुमचा चेहरा बघितला ना तिने. आता एकेक काढणार."

२३ फेब्रुवारी

पिवळा मिळाला. त्यासाठी माझ्या दोन साड्या गेल्या.

९ मार्च

पांढरा! ह्याच्या मागे कुणाची तरी अक्षरं कोरलीत, आणि साल. १९३६. म्हणजे त्यांच्यातही भांड्यावर नाव घालतात! मी स्टीलच्या दुकानात उभी राहून प्रत्येक तांब्यावर नितेशचं नाव घालून घेतलं, तशीच तिकडेही कुणी बाई उभी असेल. स्वेटर घालून.

१० मार्च

नितेश शर्ट शोधतोय. ऑफिसचा, रेघांचा. मी गप्प. तो जुना वाटत होता हो!

२३ मार्च

चंपाने आज लाल चमचा आणला. हातात घेतला आणि कळलं, हा त्यातला नाही. रंग वरून फासलेला, नखाला लागत होता. आत रेघा नाहीत, मागे आकडा नाही. परत दिला. चंपा बघतच राहिली. "आजी, तुम्ही तर सोनार झाल्या!"

खरं सांगते, आयुष्यात एवढं कौतुक कुणी केलं नव्हतं. मग तिने खरा लाल काढला, कमरेच्या पिशवीतून. अपूर्वाची नवी चादर गेली. तिने स्वतःच दिली! बोलत नाही, पण तीही हल्ली गुपचूप चमचे बघते.

पाच झाले. आता एकच. जांभळा.

३० मार्च

जेवण जात नाही. चंपा पितळ समजून देत होती आणि मला चांदी ठाऊक. दोन महिने मी हसत हसत घेत राहिले. अपूर्वा म्हणाली, "सौदा झाला ना, आता कशाला सांगायचं?" बरोबर आहे. पण माझ्या दारात बसून ती पाणी पिते. माझ्याच तांब्यातून.

६ एप्रिल

सांगितलं चंपाला. बोलून मोकळी झाले. म्हटलं, हवे तर पाचही परत ने.

तिने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मग मोठ्याने हसली. "दिले ते दिले आजी. पण सहावा आता असा नाय मिळणार. चांदीला चांदी. जरीचा शालू काढा एखादा."

जुन्या शालूंची जर जाळून चांदी काढतात, ते मला माहीत आहे. पण माझ्याकडे शालू एकच. लग्नातला.

८ एप्रिल

ट्रंक उघडली. मलमलमध्ये गुंडाळलाय. जर काळवंडलीय जरा— चांदी आहे, काळी पडणारच. लग्नात हे म्हणाले होते, "खरी जर आहा, जपून ठेव गो." जपलाच! दिराच्या लग्नात काढला तर हे म्हणाले, नको, घामाने जर जाईल. नितेशच्या मुंजीत म्हणाले, नको, गर्दीत ओढला जाईल. नितेशच्या लग्नात तर माझ्या हातातून काढून ट्रंकेत ठेवला. लग्नानंतर एकदाही अंगाला लागला नाही. आता हे नाहीत. नेसायचा प्रश्नच मिटला.

मग तो ठेवलाय कशाला?

११ एप्रिल

श्रुतिकाला विचारलं, तुला हवा का? म्हणाली, "आजी, तुझा आहे, तू ठरव." ठरवता येत असतं तर तुला विचारलं असतं का गं!

१३ एप्रिल

दिला. घडी मोडून एकदा गालाला लावला आणि दिला.

जांभळा मिळाला. जांभळं खाऊन जीभ होते ना, तसा रंग. सहाही ओळीने ठेवले. श्रुतिकाने फोटो काढला, अपूर्वाने त्याच चमच्यांनी कॉफी ढवळून दिली. नितेश म्हणाला, "माझ्या शर्टाची कॉफी!" खूप हसलो. मी जरा जास्तच हसले.

२० एप्रिल

चंपा शालू परत घेऊन आली. पदराचं टोक जाळून बघितलेलं. "आजी, खोटी जर. तांब्याची तार." मी जांभळा चमचा तिच्या हातात ठेवला. इतकी वर्षं हे "नको नेसू" म्हणत होते. कुणीतरी हात लावून ओळखेल म्हणून!

संध्याकाळी नेसले. अपूर्वा दारातच थबकली— "आई, कुठे निघालात?"

"भाजी आणायला."