आग्रहाची जिलबी

कल्याण, १९५४

दामोदरपंत, नमस्कार.

रविवारी माझ्या मंदाकिनीचं लग्न ठरवायला ठाण्याला आलो आणि तुमच्या पंक्तीत जिलब्या खाल्ल्या. मला संग्रहणी आहे. दोन वर्षं वैद्यांनी ताकभातावर ठेवलंय, तोही अळणी. हे सांगितलं असतं, तर मुलीच्या घराण्यात आजार आहे म्हणाला असतात. नुसतं नको म्हटलं, तर सगळ्यांदेखत म्हणालात, "व्याह्यांना आमचं घर पसंत नाही वाटतं!" मग स्वतः उठून माझ्या तोंडात जिलबी घातलीत. पंगत हसली. मीही हसलो.

तेव्हापासून अंथरुणात आहे. पोटात पाणी ठरत नाही. आज तुमचा निरोप आला, "साखरपुडा आमच्याकडेच करू, व्याह्यांनी माझ्याशेजारी बसायचं, या खेपेला श्रीखंड."

मंदाकिनीनं निरोप ऐकला, ताकाचा पेला माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "बाबा, जिथे तुम्हाला एका जिलबीला नाही म्हणता आलं नाही, तिथे मी जन्मभर कशाकशाला हो म्हणू?"

तुम्हाला काय कळवायचं ते नंतर. ती अजून दारात उभी आहे.

व्याही न लिहिता, नुसताच,
विनायक