टकटक की लिफ्ट

४ ऑगस्ट
शून्य गृहीतक! जे खोटं ठरावं असं मनापासून वाटतं, तेच आधी खरं धरून चालायचं म्हणे. बावन्नाव्या वर्षी, नोकरी सांभाळून, संख्याशास्त्रात एम.एस्सी. करायला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही.

सर माझ्या धाकट्या भावाहून लहान. "मॅडम, पी-व्हॅल्यू म्हणजे तुम्ही बरोबर असण्याची शक्यता नव्हे." चौथ्यांदा सांगितलं. चौथ्यांदा नंदीबैलासारखी मान डोलावली.

९ ऑगस्ट
हॉस्पिटलमध्ये आमच्या फिजिओथेरपीच्या विभागप्रमुखांनी बोलावलं. पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम करून घ्यायचं पद बंद करायचं म्हणतात. "फरक पडतो हे दाखव. तुझा प्रबंध येऊ दे, मग ठरवू."

ते पद म्हणजे टकटक. बेल असली तरी दारावर टकटक करते, म्हणून सगळे तिला तेच म्हणतात. अठरा वर्षं आम्ही एका टेबलावर डबा खातोय. घर तिच्या एकटीच्या पगारावर चालतं.

१७ ऑगस्ट
काहीतरी चुकलंय, पण काय ते सॉफ्टवेअर सांगणार नाही. अगदी नवऱ्यासारखं!

१८ ऑगस्ट
सापडली चूक: एक स्वल्पविराम. तीन तास!

२६ ऑगस्ट
गुडघ्याचं ऑपरेशन झालेले शहाऐंशी पेशंट. निम्म्यांकडे टकटक गेली, निम्म्यांकडे नाही. सहा आठवड्यांनी, सहा मिनिटांत कोण किती मीटर चाललं? रिग्रेशनचं गणित चालवलं. पी ०.०३!! ०.०५ च्या खाली, म्हणजे नुसत्या योगायोगाने एवढा फरक क्वचितच दिसतो. लेक म्हणाली, "आई, नाचू नकोस, खाली लोक राहतात."

२७ ऑगस्ट
टकटकला सांगितलं. डोळे भरले तिचे. सहज विचारलं — कुणाकडे जायचं ते ठरवायचीस कसं?

"कसं म्हणजे? लिफ्ट नसेल तिथे नाही जात, बाई. माझेच गुडघे गेलेत!"

हातातला घास डब्यात परत ठेवला. लिफ्टवाले रोज खाली उतरून फिरतात. चौथ्या मजल्यावरचा माणूस सहा आठवडे पलंग ते गॅलरी. मग मी मोजलं काय — टकटक की लिफ्ट?

२९ ऑगस्ट
एकेकाला फोन. तुमच्याकडे लिफ्ट आहे का? एक आजोबा म्हणाले, "का हो, फ्लॅट घेताय?"

३० ऑगस्ट
लिफ्टचा रकाना घातला. पी ०.४१. एवढा फरक योगायोगानेही सहज पडतो.

सर खूश! "मॅडम, आता तुम्हाला विषय समजला." डोंबल! रकाना पुसायला एक बटण पुरतं. कुणाला कळणार? मला. दुपारभर त्या बटणाकडे बघत बसले. शेवटी फाइल तशीच ठेवली.

१ सप्टेंबर
टकटकला खरं ते सांगितलं.

"म्हणजे मी जाऊन काहीच होत नाही?"

तसं नाही गं. होतं की नाही, ते यावरून कळत नाही.

"त्यात फरक काय?"

वर्षभर सरांना हाच प्रश्न विचारून मी भंडावून सोडलं होतं. आज उत्तर मलाच देता आलं: अंधारात काही दिसलं नाही म्हणून खोली रिकामी ठरत नाही. ती डबा न संपवता उठली.

३ सप्टेंबर
प्रमुखांकडून सहा महिने मागून घेतले. "सहाच!" यापुढे घरी जाणाऱ्या प्रत्येक पेशंटमागे एक चिठ्ठी. निम्म्यांवर 'जा', निम्म्यांवर 'नको'. कुणाकडे जायचं ते चिठ्ठी ठरवणार, गुडघे नाहीत. टकटकने ऐकून घेतलं. जाताना स्वतःचा रिकामा डबा चिठ्ठ्यांसाठी ठेवून गेली.

८ सप्टेंबर
पहिला पेशंट. चौथा मजला, लिफ्ट नाही. चिठ्ठी तिनेच काढली. 'जा'.

डब्याचं झाकण लावलं, दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधले, निघाली.