सीब्रेनने सोडलेला डाव

ग्रोनिंगन, नेदरलँड्स, १४ नोव्हेंबर १९८९

प्रिय व्हर्नन,

तुझं पत्र पोचलं. घरी सगळी बरी असाल. इथे वारा सुटलाय, सायकल ढकलतच घरी यावं लागतं. मी पुन्हा शाळेत शिकवायला जाते. मुलं फार शहाण्यासारखी वागतात, ते मला नको वाटतं.

सीब्रेनचं बुद्धिबळाचं यंत्र अजून जेवणाच्या टेबलावरच आहे. तू त्याला बुटांचा खोका म्हणायचास. तुझं यंत्र अमेरिकेत, विद्यापीठाच्या तळघरात खोली भरून, आणि तू यंत्रांच्या स्पर्धेत त्याच्या खेळी ऐकायला टेलिफोन कानाला लावून बसलेला. भेटेल त्याला आपल्या प्रोग्रॅमची बिंगं सांगत सुटायचास. आमचे लोक कॉफी ढवळत गप्प. "तुझा नवरा पोटातलं ओठावर आणेल तर शपथ," असं मला म्हणायचास. खरंच होतं ते.

आता लिहितोस की ब्रेमेनच्या स्पर्धेतला तुमचा डाव तू पुन्हा तपासलास. सीब्रेनने सोडला नसता, तर तुझं यंत्र हावरटासारखं कडेचं प्यादं खायला धावलं असतं आणि डाव बरोबरीत सुटला असता. हे मासिकात छापायला माझी परवानगी हवी म्हणतोस.

तो दिवस मला आठवतो. यंत्राच्या वतीने डाव सोडून त्याने हात पुढे केला, तर तूच चिडलास.

"अरे, यंत्राने कुठे हार मानलीय? तू कोण मध्ये पडणारा?"

"हरलेल्या डावात समोरच्याला बसवून ठेवणं बरं नव्हे. आमच्यात तसं करत नाहीत."

"आमच्यात मात होईपर्यंत खुर्चीवरून उठत नाहीत, बाबा."

मला तेव्हा नवऱ्याचा केवढा अभिमान वाटला होता.

मे महिन्यात त्याचं दुखणं कळल्यावर तू फोनवर फोन केलेस, त्याला तिकडच्या इस्पितळात घेऊन ये म्हणालास. आता उपाय उरला नाही, असं आम्ही तुला कळवलं. तसं नव्हतं, व्हर्नन. आणखी एक उपचार होता. आशा थोडी होती, पण होती. सीब्रेननेच नको म्हटलं. डॉक्टरांशी हात मिळवला, आभार मानले, कोट चढवला. मी भर रस्त्यात रडले, भांडले, माझ्यासाठी तरी कर म्हणाले.

"टिनेके, उगाच सगळ्यांना ताटकळत कशाला ठेवायचं गं?" एवढंच बोलला. ऑगस्टमध्ये गेला.

किती शांतपणे गेला, म्हणतात लोक. माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मला ताटकळत बसायचं होतं. वर्षभर, महिनाभर, जेवढं मिळेल तेवढं.

तू छाप. त्याला आवडलं नसतं. न आवडू दे. त्याचं नाव घालून छाप आणि स्पष्ट लिही, की डाव हरलेला नव्हता. कसा वाचला असता, ते एकेक खेळी मांडून दाखव. मला बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नाही, तरी मी शेवटपर्यंत वाचेन.

त्याच्यावर अजून रागावलेली,
टिनेके