तुटक रेघांचा पलंग

भांडुप (प.),
मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५

चि. माधुरीस,
अ. आ. आणि जयभीम.

तीन-साडेतीन वर्षांपूर्वी, नाहूरच्या जुन्या खोलीत, त्या रविवारी पाणी साडेपाचलाच आलं. मी दोन्ही पिंपं भरली, कळशी मोरीत ठेवली, चहाचं आधण टाकलं. तुझे दाजी उंबऱ्यापाशी बसून तांदूळ निवडत होते. ते काम त्यांनी लग्नानंतर आपणहून घेतलं होतं, कारण खडा त्यांना माझ्याआधी दिसायचा. मी मिथुनच्या शर्टाची कॉलर घासत होते, तेव्हा ते म्हणाले की इमारत पाडायचं नक्की झालंय, नव्या घरात तुला काय काय लागेल ते आत्ताच सांगून ठेव. मी म्हटलं, मला काय लागतंय. ते पुन्हा तांदूळ निवडायला लागले. एवढंच. त्यात विशेष काही नाही, पण गेले चार दिवस ती सकाळ डोळ्यांपुढून हलत नाही.

कारण सांगते. नाहूरच्या नव्या घराची चावी मिळाली. अकरावा मजला, हॉल, स्वयंपाकघर आणि आत दोन खोल्या. तीन वर्षं या भाड्याच्या जागेत काढली, त्यातली दोन तुझ्या दाजींशिवाय. आता फर्निचरचं चाललंय. गंधाली म्हणून एक मुलगी आहे, दीप्तीच्या ऑफिसातल्या बाईंची भाची, ती सगळं आखून देते. पोरगी कामाची आहे. घरी येऊन वही उघडून बसली आणि एकेकाला विचारलं, तुम्हाला काय हवं. जान्हवीने पाऊण तास घेतला. मिथुनला घरून काम करायला टेबल हवं, दीप्तीला ओटा दोन इंच उंच हवा. माझ्याकडे वळली तर मी म्हटलं, मला काही नको बाळा, मी कुठेही पडेन. तिने ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

शनिवारी नकाशा आला. मला नकाशा वाचता येतो हे घरात कुणाला ठाऊक नाही. मिथुनच्या पहिलीच्या पुस्तकावरून अक्षरं शिकले, तशी पेपरातल्या घरांच्या जाहिरातींवरून हेही शिकले. एक खोली मिथुन-दीप्तीची. दुसरीत जान्हवीचा पलंग, तिचं अभ्यासाचं टेबल आणि मिथुनचं कामाचं टेबल. हॉलमध्ये सोफा. सोफ्यापुढे तुटक रेघांचा एक चौकोन, आणि त्यात बारीक अक्षरात लिहिलंय, ‘आजी, रात्री’. मिथुनने समजावलं की सोफा ओढला की पलंग होतो आणि सकाळी ढकलला की जागा मोकळी. तुझ्या दाजींच्या फोटोला मात्र पॅसेजमध्ये कोनाडा ठेवलाय, वर छोटा दिवा. त्यांना कायमची जागा मिळाली. मला वाटतं, मीही एक फोटो काढून ठेवावा.

मी म्हटलं, छान आहे.

राग कुणाचा नाही गं. पण तुला खरं सांगते. मला दार पाहिजे. चौसष्ट वर्षं झाली, माझ्यामागे कधी दार लागलेलं नाही. गावी आपण एका खोलीत आठ जण, नाहूरच्या जुन्या खोलीत मध्ये पडदा, इथे हॉल. मी वाचते ते सगळे बाहेर पडल्यावर, ओट्याखाली पाटावर बसून. बेल वाजली की पुस्तक पिठाच्या डब्यामागे. कुणी काही म्हणत नाही, तरी लपवते. आणि रडायचं तर मोरीत नळ सोडून. आता रोज नाही येत रडू, पण आलं तर जायचं कुठे?

जान्हवी पुढच्या वर्षी दहावीला. नातीच्या वाट्याचं मी कसं ओढून घेऊ? आणि मागितलं आणि नाही म्हणाले, तर? अजून मागितलं नाही, म्हणून अजून कुणी नाही म्हटलेलं नाही. दत्ताराम सुतार सोमवारी, सतरा तारखेला, प्लाय कापायला घेणार. मापं तोवर कळवायची, नंतर बदल नाही.

तुझे कान गेले तेव्हापासून आपली पत्रं सुरू झाली ते एका परीने बरं झालं. हे फोनवर बोलले नसते. बोलायचं तर तेही हॉलमध्येच. कुणाला कळवू नकोस, माझी शपथ आहे.

थंडीत कानाला रुमाल बांधत जा. तुझी माया आहे तेवढी पुरे, ती कमी करू नकोस.

तुझी,
अक्का


परभणी,
शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५

ती. अक्कास,
सविनय जयभीम वि. वि.

पत्र काल मिळालं. दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा तुझाच राग आला.

मी आठ वर्षांची होते तेव्हा टोपल्यात एकच भाकरी उरली की तू म्हणायचीस, माझं झालंय, तू खा. मी खायचे. मला खरंच वाटायचं की तुझं झालंय. पुढे शिक्षिका झाले, स्वतःची चूल मांडली, तेव्हा कुठे हिशेब लागला की एवढ्या लवकर तुझं व्हायचं कसं. मला कळायला वीस वर्षं लागली, अक्का. तुझ्या मिथुनला अजून खरं वाटतंय. त्याला दोष देऊ नकोस. तू हे इतकं चांगलं बोलतेस की माणूस फसतोच.

त्या गंधालीने तरी काय करावं? तिने विचारलं, तू सांगितलंस, तिने लिहिलं. तुझंच वाक्य तिने रेघा मारून तुला परत दिलंय. ते वाचून तुला लागलं, म्हणजे वाक्य चुकीचं होतं.

घराच्या कागदावर पहिलं नाव तुझं आहे हे मी आठवण म्हणून लिहिते, भांडणासाठी नाही. सतरा तारखेच्या आत बोल. जेवताना बोल, भांडी घासताना बोल, पण बोल. शपथ घातलीस म्हणून मी गप्प बसते. तीस वर्षं वर्गात उभं राहून बोललेल्या बाईला किती जड जातं, तुला कल्पना नाही.

फोटो काढायचाच असेल तर ती मोरपंखी साडी नेसून काढ. आणि कोनाड्यासाठी काढू नकोस.

रागावले म्हणून माया आटली असं समजू नये.

तुझी,
माधुरी


भांडुप (प.),
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

ती. माधुरी मावशींना,
सविनय जयभीम वि. वि.

माझं पत्र बघून दचकू नका, घरी सगळे ठीक आहेत. शाळा सुटल्यापासून मी पत्र लिहिलेलं नाही, अक्षर सांभाळून घ्या. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, आणि मेसेज केला तर तुमचा मुलगा केयूर आधी वाचेल, म्हणून पाकीट आणलं.

आईंबद्दल विचारायचंय. नव्या घराचा नकाशा आल्यापासून त्यांचं काहीतरी बिनसलंय. तोंडाने छान आहे म्हणतात आणि कुकर असा आदळतात की जान्हवी बाहेर येऊन बघते. मिथुनने त्यांना चारदा विचारलं. चारही वेळा एकच उत्तर, मला काही नको. मी मिथुनला म्हटलं की आई हॉलमध्ये नको, तर तो म्हणाला, तिला हॉलच आवडतो, आत एकटी पडेल. तो मनापासून म्हणतो हो. लहानपणापासून त्याने आईंना माणसांच्या मध्येच झोपलेलं पाहिलंय.

माझी आई उभा जन्म स्वयंपाकघरात झोपली. मी नोकरीला लागल्यावर तिला पलंग घेऊन दिला, तर त्यावर आमच्या वडिलांची इस्त्रीची कापडं ठेवायला लागली. म्हणून मला नक्की कळत नाही की हवं असून म्हणत नाहीत, की खरंच नको असतं. मी माझ्या मनानेच आत पलंग टाकला आणि त्यांना वाटलं की सुनेने हॉलमधून हलवलं, तर? दिवसभर लोक येतात-जातात ते हॉलमध्येच. आणि जान्हवीला स्वतःची खोली कबूल केलीय, ती तीन वर्षं दिवस मोजतेय.

त्या तुम्हाला लिहितात. काही बोलल्या असतील तर मला सांगा. सतराला सुतार येणार. मी विचारलं हे त्यांना कळू देऊ नका, त्यांना वाटेल मागून चौकशा करते.

तब्येतीला जपा, आणि सुनेवर लोभ धरून ठेवा.

आपली,
दीप्ती


परभणी,
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

चि. दीप्तीस,
अ. आ.

अक्षर छान आहे, उगीच लाजलीस. तुला हवं ते मला ठाऊक आहे आणि मी सांगणार नाही. मला शपथ आहे आणि त्याहून मोठं म्हणजे ते तिचं तिने बोलायचंय. मी बोलले तर तू पलंग करून देशील, ती म्हणेल कशाला केलास, आणि त्यावर इस्त्रीचे कपडे येतील. तुझ्या आईचं तूच लिहिलंस.

एवढंच कर. सोमवारी सुताराला पहिल्यांदा ओट्याचं काम घ्यायला लाव. खोल्यांना हात नको. आणि कुणी मध्येच तोंड उघडलं तर त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत थांब.

तुझ्यावरचा लोभ आज थोडा वाढला, कळावे.

मावशी


परभणी,
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

ती. अक्कास,
सविनय जयभीम वि. वि.

मोजकंच लिहिते, स्पीड पोस्टची वेळ झालीय.

माझ्याकडे एक पत्र आलंय. कुणाचं ते सांगणार नाही, तिथेही मला गप्प बसायला सांगितलंय. या वयात सगळ्यांनी मला तिजोरी करून टाकलंय. त्या पत्रात एक माणूस विचारतंय की अक्काला नक्की काय हवं. म्हणजे तुझ्याच घरात कुणीतरी कान देऊन बसलंय, आणि तू कुकर आदळतेस.

नाही म्हणाले तर, असं तू लिहिलंस. म्हणू देत. नाही ऐकल्याने माणूस मरत नाही. मी तर कितीतरी गोष्टी मुळीच ऐकत नाही आणि जिवंत आहे.

सोमवार उजाडला आणि तू बोलली नसलीस, तर मी येऊन त्या सोफ्यावर पंधरा दिवस झोपेन. मी घोरते असं म्हणतात. मला ऐकू येत नाही.

तुझीच,
माधुरी


भांडुप (प.),
गुरुवार, २० नोव्हेंबर २०२५

चि. माधुरीस,
अ. आ. आणि जयभीम.

तुझं पत्र शनिवारी आलं. रविवारी बोलायचं ठरवलं. जेवायला सगळे एकत्र होते, मिथुन फोनवर दारांचे रंग दाखवत होता. मी म्हटलं, मला काही बोलायचंय. तिघांनीही वर पाहिलं. दीप्तीने तर घास खाली ठेवला. मी विचारलं, आमटी कुणाला हवी का. जान्हवीने वाटी पुढे केली.

सोमवारी मिथुन आणि दीप्तीने रजा घेतली होती. दोघं सकाळी नाहूरला गेले. मी मागे घर सांभाळायचं आणि जेवण करून ठेवायचं, असं ठरलं होतं. डबा भरला, आणि तो घेऊन रिक्षात बसले. रिक्षावाल्याला दोनदा परत फिर म्हणावंसं वाटलं. अकराव्या मजल्यावर गेले तर दत्ताराम ओट्याखालच्या कपाटाच्या मापांवर खुणा करत होता, गंधाली नकाशा धरून उभी. मी चपला काढल्या नाहीत. दारातूनच बोलले, कारण आत गेले असते तर डबा उघडून वाढायला बसले असते.

“मला आतल्या खोलीत झोपायचंय. दार असलेल्या खोलीत,” एवढं म्हटलं. आवाज माझा मलाच मोठा वाटला, रिकाम्या घरात घुमतो.

गंधाली घाबरली. तिने वही काढून दाखवलं की आजी, तुम्हीच असं म्हणाला होतात. मी म्हटलं, म्हणाले होते, ते खोटं होतं. मिथुन प्लायच्या थप्पीवर बसला. तो रागावला असता तर सोपं गेलं असतं. तो हळूच म्हणाला, “चार वेळा विचारलं, आई. मग मला कळायचं कसं?” मी एवढंच म्हटलं की तुझी चूक नाही. तो डबा न खाता खाली गेला आणि तासाने वर आला. तो तास मी विसरणार नाही.

दीप्ती एक शब्द मध्ये बोलली नाही. माझं पुरं झाल्यावर तिने गंधालीच्या हातातली टेप घेतली आणि खोलीत गेली. मापं घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, मिथुनचं टेबल त्यांच्या खोलीत खिडकीशी जाईल, त्यांचं कपाट दोन फुटांनी कमी होईल. मुलीच्या खोलीत दोन पलंग बसतात, मध्ये चालायला जागा राहते. मिथुन वर आल्यावर म्हणाला, मग मीटिंगा बेडरूममधून? ती हो म्हणाली. ते पत्र कुणाचं, हे मी तुला विचारत नाही. आमच्या घरात पोस्टाचं पाकीट आणणारं दुसरं कोण आहे.

जान्हवीचं मात्र वाईट झालं. शाळेतून आल्यावर कळलं तेव्हा दप्तर पाठीवर तसंच ठेवून बसली. तिच्या मैत्रिणींना स्वतःच्या खोल्या आहेत. तिने हरकत घेतली तर माघार घ्यायची, असं मी मनात ठरवून ठेवलं होतं. संध्याकाळी मी कोथिंबीर निवडत होते तिथे आली आणि विचारलं, “मी दार लावलं तर तू बाहेर थांबशील?” मी म्हटलं, थांबेन, टकटक करीन. आणि मी लावलं तर? तिने कोथिंबिरीची एक काडी खुडली. मग म्हणाली, मीपण करीन टकटक. ती शाळेत असेल तेव्हा खोली माझी, आल्यावर अभ्यासाची, झोपायला दोघींची. ती खूश नाही. मीही तिला खूश हो म्हटलं नाही.

मिथुन दिवसभर माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलला. जेवणाआधी येऊन विचारलं, पलंग खिडकीकडे हवा की भिंतीकडे. माझ्या तोंडात आलं होतं, कुठेही चालेल. ते गिळलं आणि खिडकीकडे म्हटलं. त्याने फोनवर गंधालीला तसं कळवलं.

तुला आता सोफ्यावर झोपायला यायचं कारण उरलं नाही. तरी ये. दाजींचा कोनाडा आहे तसाच ठेवलाय, दिवा बघून जा.

माझ्यावर रागावत राहा, त्याने मला बरं वाटतं.

तुझी,
अक्का

ता. क. मंगळवारचं लिहायचं राहिलं. सोमवारी हे सगळं झालं, आणि दुसऱ्या दिवशी सगळे कामाला गेल्यावर मी एकटी नाहूरला गेले. दत्ताराम स्वयंपाकघरात कापत होता. मी आतल्या खोलीत गेले, दार लावून घेतलं आणि तासभर खाली फरशीवर बसले.